चिकट बटणांचे अर्थकारण

केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्याने नेमलेल्या समितीने मे २०२५ मध्ये 'दुरुस्ती-सुलभता निर्देशांका'विषयीचा आपला अहवाल सादर केला. वस्तू बिघडली असता ती किती सहज उघडता येते, तिचे सुटे भाग मिळतात की नाही, दुरुस्तीची माहिती उत्पादक देतो की दडवतो, यांवरून वस्तूला गुण द्यावेत आणि ते गुण खरेदीच्या वेळीच गिऱ्हाइकाच्या नजरेस पडावेत, अशी ही कल्पना आहे. प्रारंभ मोबाइल फोन व टॅब्लेट यांच्यापासून करावयाचा आहे. कल्पना स्तुत्य आहे, यात शंका नाही. परंतु या यादीबाहेर राहिलेल्या एका वस्तूकडे, आणि त्या वस्तूवर पोट भरणाऱ्या एका वर्गाकडे, निदान खानदेशातील वाचकांचे तरी लक्ष वेधणे अप्रस्तुत ठरू नये.

ही वस्तू म्हणजे विजेवर चालणारी वाद्ये. धुळे, जळगाव व नंदुरबार या जिल्ह्यांत बँडशिवाय लग्न ही कल्पनाच करवत नाही. एके काळी या बँडांत क्लॅरिनेट, ट्रंपेट आणि ढोल यांचे राज्य होते. कॅसिओ कंपनीचा पहिला कीबोर्ड १९८० साली बाजारात आला, आणि पुढे आपल्याकडे ते नाव त्या वाद्याचेच नाव होऊन बसले. १९८५ साली रोलंड कंपनीने 'ऑक्टापॅड' आणला. आज गाडीवर चढवलेले ध्वनिवर्धक, एक-दोन कीबोर्ड, एक ऑक्टापॅड आणि अहिराणी गाणी म्हणणारा गायक एवढा संच असला की बँड उभा राहतो. हा संच बहुधा कर्ज काढून किंवा हप्त्यांवर घेतलेला असतो. आखाजीच्या मागेपुढे हाती घेतलेल्या सुपाऱ्यांच्या इसारावर हप्ते फिटतात, वादकांची मजुरी निघते आणि उरलेच तर वर्षाची बेगमी होते.

या संचाला अलीकडे एक विचित्र रोग जडलेला दिसतो. वाद्याची यंत्रणा ठीक असते, आवाज ठीक असतो. पण बटणे, फिरवायच्या मुठी, कधी कधी तर सारी पाठ हाताला चिकटू लागते. गूळ लागल्यासारखा चिकटपणा येतो, त्यावर मिरवणुकीतली धूळ आणि गुलाल बसतो आणि काही महिन्यांत बटणावरील अक्षरे दिसेनाशी होतात. वादकाला वाटते, आपल्याच हाताचा घाम याला कारणीभूत आहे. दुकानदारही त्याची तशीच समजूत घालतो.

वास्तविक घामाचा यात वाटा थोडा आहे. कठीण प्लास्टिकच्या बटणावर मखमलीसारखा मऊ स्पर्श देणारा जो रबरी लेप दिला जातो, तो पुष्कळदा पॉलियुरेथेन नावाच्या द्रव्याचा असतो. त्याच्या काही प्रकारांतील रासायनिक बंध हवेतील बाष्पाने हळूहळू तुटतात. रसायनशास्त्रात याला जलविच्छेदन म्हणतात. उष्णता वाढली की ही क्रिया वेगाने होते. दहा अंशांमागे वेग सुमारे दुप्पट होतो, असा रासायनिक क्रियांविषयीचा एक ढोबळ नियम आहे. भुसावळ-जळगावचा मे महिन्याचा पारा पंचेचाळीस अंशांच्या वर जातो, आणि पत्र्याच्या खोलीत किंवा बंद गाडीत ठेवलेल्या वाद्याच्या वाट्याला त्याहूनही अधिक उष्मा येतो. पाठोपाठ पावसाळ्याची दमट हवा येते. चातुर्मासात लग्ने नसतात. वाद्ये पेटीत बंद असतात. मालकाला वाटते, वाद्य विश्रांती घेत आहे. लेपाचे तुटणे मात्र या चार महिन्यांतही चालूच असते.

जमाखर्च लिहिणाऱ्या वाचकांना घसारा ही कल्पना परिचित आहे. वस्तू वापरल्याने झिजते, तो एक घसारा. न वापरताही केवळ काळाने झिजते, तो दुसरा. ढोलकीचे कातडे वाजवल्याने फाटते, आणि जितके वाजते तितकी कमाईही झालेली असते. रबरी लेपाचा घसारा कमाईशी असे कोणतेही नाते ठेवत नाही. चाळीस लग्ने वाजवणाऱ्याचे बटण आणि चारच सुपाऱ्या मिळालेल्याचे बटण साधारण एकाच सुमारास चिकटते. म्हणजे ज्याचा हंगाम वाईट गेला, त्याच्यावरच हा भार दामदुपटीने पडतो.

ही गोष्ट उत्पादकांना ठाऊक नव्हती, असे म्हणण्याची सोय नाही. १९७० च्या दशकात ध्वनिमुद्रणासाठी वापरलेल्या काही चुंबकीय फिती पुढे चिकट होऊन यंत्रात अडकू लागल्या. त्यांतील चुंबकीय कण धरून ठेवणारे द्रव्य पॉलियुरेथेनचेच होते, आणि कारणही हेच जलविच्छेदन होते. मंद आचेवर शेकून त्या फिती तात्पुरत्या वाजवण्याजोग्या करण्याची युक्तीही तेव्हाच रूढ झाली. कपाटात जपून ठेवलेल्या बुटांचा तळ काही वर्षांनी बाहेर काढताच भुगा होऊन पडावा, हा अनुभव अनेकांच्या घरी आला असेल. त्याचे कारणही बहुधा तेच. अशा स्थितीत संगीताच्याच धंद्यातल्या कंपन्यांनी पुढे बटणांना तसलाच लेप द्यावा, याला अज्ञान कसे म्हणावे? जलविच्छेदनाला अधिक दाद न देणारी पॉलियुरेथेनेही आहेत. लेपच न देता सिलिकोनचे बटण ओतता येते. साध्या कठीण प्लास्टिकचे बटण तर कितीही जुने झाले तरी चिकटत नाही.

मग हा लेप का दिला जातो? कारण तो दुकानात विकतो. स्वस्त साच्यातून निघालेल्या प्लास्टिकवरचे डाग तो झाकतो आणि बोट लागताच वस्तू भारी असल्याचा भास होतो. स्पर्श गिऱ्हाइकाला पहिल्या क्षणी कळतो, आयुष्य कळायला पाच-सात वर्षे लागतात, आणि हमी बहुधा एक वर्षाची असते. विक्रेत्याला जे ठाऊक आहे ते खरेदीदाराला ठाऊक नसेल, तर चांगल्या मालाला योग्य किंमत मिळत नाही आणि हलका माल बाजार बळकावतो, हे जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या उदाहरणाने दाखवून दिले. पुढे २००१ चे नोबेल पारितोषिक त्यांना ज्या कार्याबद्दल मिळाले, त्यात हा लेख प्रमुख होता. टिकाऊ बटण बनवणाऱ्या कंपनीला आपला टिकाऊपणा दुकानात सिद्ध करून दाखवता येत नाही. मऊ बटण बनवणाऱ्याला मऊपणा दाखवता येतो. स्पर्धेने दर्जा सुधारतो, हे आपण वर्गात शिकवतो ते खरे. पण डोळ्यांना दिसणारा दर्जाच स्पर्धेने सुधारतो, हे त्याला जोडून सांगावयास हवे.

नुकसान पहिल्या मालकापाशी थांबत नाही. शहरातला बँड नवे वाद्य घेतो तेव्हा जुने वाद्य तालुक्याच्या गावी जाते, तिथून आणखी लहान पार्टीकडे. भांडवल नसलेल्या तरुण वादकाला धंद्यात पाऊल टाकण्याची हीच वाट. चिकट झालेले वाद्य आतून धडधाकट असूनही मातीमोलाने जाते किंवा भंगारात निघते. टिकाऊ वस्तू विकणाऱ्या कंपनीची खरी स्पर्धा तिच्याच जुन्या मालाशी असते, हे रोनाल्ड कोस यांचे १९७२ मधील विवेचन येथे आठवते. जुना माल बाजारातून लवकर नाहीसा झाला तर कंपनीला दुःख होण्याचे कारण नाही. १९२४ साली विजेच्या दिव्यांच्या मोठ्या कंपन्यांनी जिनिव्हात करार करून दिव्याचे आयुष्य एक हजार तासांवर बांधून टाकले होते. वाद्यांच्या बाबतीत असा काही कट आहे, असे मुळीच सुचवावयाचे नाही. कट नसतानाही तोच परिणाम होतो, एवढेच.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की टिकाऊपणाचा आग्रह धरला तर वाद्ये महागतील आणि गरीब वादकच अडचणीत येईल. आक्षेपात तथ्य असू शकते. पण लेपाच्या बाबतीत ते फारसे नाही, कारण येथे भर घालण्याऐवजी काहीतरी वगळावयाचे आहे. शिवाय आपल्या जिल्ह्यातच याचे उत्तर शेतोशेत पसरले आहे. रावेर-यावलच्या केळीच्या बागांतली ठिबकची नळी याच पंचेचाळीस अंशांत वर्षानुवर्षे पडून असते. ती काळी असते, कारण उन्हापासून बचावासाठी तिच्यात दोन-तीन टक्के काजळी मिसळलेली असते. हे प्रमाण भारतीय मानकात लिहिलेले आहे, आणि मानकचिन्हाचे साहित्य असल्याखेरीज अनुदान मिळत नाही. प्लास्टिक किती टिकावे, हा येथे कारखानदाराच्या मर्जीचा प्रश्न राहिलेला नाही. मानक आहे आणि त्याच्यामागे पैसा आहे, म्हणून नळी टिकते. ऑक्टापॅडच्या बटणामागे यांपैकी काहीच नाही.

कायद्याची स्थिती काय आहे? धंद्यासाठी वस्तू घेणारा ग्राहक नव्हे, असे म्हणून वादकाला वाटेला लावण्याचा प्रयत्न होतो. हे अर्धसत्य आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार केवळ स्वयंरोजगाराने उपजीविका करण्यासाठी घेतलेली वस्तू 'व्यापारी प्रयोजना'त मोडत नाही. स्वतः चालवण्यासाठी रिक्षा घेणारा ग्राहकच ठरतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये 'लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स' खटल्यात स्पष्ट केले होते. एक-दोन मदतनीस घेतल्याने हा हक्क जात नाही. स्वतः ऑक्टापॅड वाजवणाऱ्याला हीच फूटपट्टी लावता येईल. दहा-वीस माणसे पगारावर ठेवणाऱ्या बँडमालकाचे तसे नाही. त्याची वाट बिकट आहे. आणि दोघांनाही तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आडवी येते. हळूहळू चिकटणाऱ्या बटणाचे 'कारण' कोणत्या दिवशी घडले, यावर वकिलांना बराच काळ बोलता येईल.

म्हणून कज्ज्यापेक्षा खरेदीपूर्वीची माहिती अधिक मोलाची. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून ठरावीक वस्तूंवर दुरुस्तीचे गुण छापणे सक्तीचे झाले, आणि २०२५ पासून दूरचित्रवाणी संचांसाठी त्याची जागा टिकाऊपणाच्या गुणांनी घेण्यास सुरुवात झाली. आपल्याकडे डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे जे संकेतस्थळ सुरू झाले, त्यासाठी शेती अवजारे, मोबाइल, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने ही क्षेत्रे निवडली गेली. शेतकऱ्याच्या अवजाराला जे कारण लागू पडते, ते वादकाच्या अवजाराला का पडू नये? निर्देशांकाची यादी वाढेल तेव्हा तीत विजेवरील वाद्ये घालावीत, आणि गुण देताना बाह्य लेप उष्ण-दमट हवेत किती वर्षे टिकतो याची चाचणी धरावी, अशी मागणी बँडमालकांच्या संघटनांनी आणि जिल्ह्यातील ग्राहक संघटनांनी एकत्र येऊन करण्यासारखी आहे.

दरम्यान मिस्त्री मंडळी आपल्या परीने वाट काढतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलात भिजवलेल्या फडक्याने लेप पुसून काढला की खालचे कठीण प्लास्टिक उघडे पडते. लेपाबरोबर अक्षरेही जातात. मग वादक खुणेसाठी नेलपॉलिशचे ठिपके लावतो. बटणाखालच्या, वीज जोडणाऱ्या रबरी पट्टीचे दुखणे वेगळे. ती बहुधा सिलिकोनची असते आणि चिकटत नाही, पण तिच्यावरचे कार्बनचे ठिपके झिजतात. पट्टी बदलली की वाद्य पुन्हा पूर्ववत होते. तेवढी पट्टी मिळत नाही म्हणून हजारो रुपयांचे वाद्य अडून राहते. वास्तविक ती बनवणे फार अवघड नाही. प्लास्टिकच्या चटया आणि नळ्या बनवण्यावर ज्या जळगावच्या औद्योगिक वसाहतीने नाव कमावले, तेथल्या उद्योजकांना सिलिकोनचे साचे परके वाटू नयेत. वाद्याच्या आत दडलेल्या, केवळ कामापुरत्या अशा भागाला २००० च्या डिझाइन्स कायद्याचे संरक्षण नाही. एखादे पेटंट आड येते का, एवढे पाहावे लागेल. अडते ते मापांपाशी. प्रत्येक नमुन्याची पट्टी निराळी असते आणि तिची मापे कंपनी बाहेर देत नाही. समितीच्या अहवालात गुणांसाठी जे निकष आहेत, त्यांत दुरुस्तीची माहिती आणि सुट्या भागांची उपलब्धता हे दोन्ही आहेत. ते वाद्यांना लागू झाले, तर ही मापे मागण्याचा आधार प्रथमच हाती येईल.