‘कोड वाचा’ हे उत्तर नव्हे

“कोड वाचा, सगळं त्यात आहे.” लिनक्स कर्नलबद्दल काही विचारलं की जाणत्यांकडून हे उत्तर हमखास मिळतं. काही वर्षं मीही ते मान खाली घालून ऐकलं. आता ते मला बेजबाबदार वाटतं. का, ते एका उदाहरणानं सांगतो.

कर्नल मेमरी बहुधा 4 केबीच्या पेजमध्ये वाटतो. देणं-घेणं चालू राहिलं की मेमरीची अवस्था भरलेल्या एसटीसारखी होते. रिकाम्या जागा वीस, पण तिघांना शेजारी बसायला एक बाक नाही. मग बसलेल्यांना सरकवावं लागतं. प्रोग्रामचा डेटा असलेली बहुतेक पेजेस अशी सरकवता येतात. मजकूर दुसऱ्या जागी जातो, पण प्रोग्रामला दिसणारा पत्ता तोच राहतो. ही मूव्हेबल पेजेस. कर्नलच्या स्वतःच्या बहुतेक रचना मात्र हलत नाहीत.

म्हणून 2007 मध्ये, 2.6.23 या आवृत्तीत, हलणाऱ्या पेजेससाठी ‘झोन मूव्हेबल’ हा वेगळा भाग आला. मोठे सलग तुकडे मिळावेत, चालू मशीनमधून मेमरी काढता यावी, हा हेतू. पण एखादा ड्रायव्हर पेज ‘पिन’ करतो, म्हणजे उपकरणाला थेट वापरता यावं म्हणून जागेवर खिळवून ठेवतो, तेव्हा ते हलत नाही. 2 एमबीच्या तुकड्यात अशी 512 पेजेस असतात. एक खिळलं की बाकीची 511 मोकळी असूनही तुकडा सलग मिळत नाही.

दीर्घकाळ पिन करायचं पेज आधी या झोनबाहेर हलवायचं, हा नियम कर्नलनं 2021 मध्ये, 5.13 या आवृत्तीत लागू केला. चौदा वर्षं वायदा नावात होता, अंमलात नव्हता. त्या काळात कोड वाचणाऱ्याला काय कळलं असतं? पिन करता येतं, एवढंच. ते करावं की नाही, हे कळलं नसतं. काय घडतं ते कोड सांगतो. काय घडायला हवं, ते माणसानंच लिहावं लागतं.

“कर्नल सतत बदलतो, लिहिलेलं शिळं होतं,” हा आक्षेप खरा आहे. मेल गॉर्मन यांचं लिनक्सच्या मेमरी व्यवस्थापनावरचं पुस्तक 2004 चं. झोन मूव्हेबल त्यांनीच पुढे लिहिला, त्यामुळे तो त्या पुस्तकात नाही. पण भाकरी शिळी होते म्हणून कोणी चूल बंद करत नाही.

2022 मध्ये कर्नलच्या दस्तऐवजांत मेमरीवरच्या प्रकरणांचा आराखडा आला. कित्येक प्रकरणांत नुसता मथळा होता. मी त्याला हसलो नाही. रिकामा मथळा निदान देणं कबूल करतो. ‘कोड वाचा’ तेही करत नाही.

या मौनाची किंमत कोण मोजतं? ज्याच्या शेजारी विचारायला जाणता माणूस बसलेला आहे, तो नक्कीच नाही. मोजतो तो आडगावच्या कॉलेजातला, एकट्यानं शिकणारा मुलगा. त्याला वाटतं, आपलीच अक्कल कमी. कोड सर्वांना खुला, पण त्यामागचं कारण मोजक्यांच्या डोक्यात, याला मी खुलेपणा मानत नाही.

माझी मागणी साधी आहे. मूव्हेबल मेमरीचा नियम जो बदलेल, त्यानं त्याच पॅचसोबत कारणाचा एक परिच्छेद द्यावा. आणि ज्यानं दोन रात्री जागून एखादी गोष्ट उलगडली, त्यानं ती तिसऱ्या दिवशी लिहून ठेवावी.