बर्फ पडण्याआधीचे आठवडे

क्रॉस-कंट्री स्कीइंगच्या विश्वचषकाचा हंगाम गेली काही वर्षं नोव्हेंबरच्या अखेरीस फिनलंडमधल्या रूकाला सुरू होतो. त्याच्या थोडं आधी नॉर्वेचे खेळाडू बाइतोस्तोलेनला आपापसात भिडतात. हा ऑक्टोबरचा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा त्यांच्याकडे जेमतेम सहा-सात आठवडे उरलेले असतील. खाली अजून बर्फ नाही. रस्ते ओले, पानगळीने निसरडे झालेले, आणि दिवस झपाट्याने आखूड होत चाललेला. शर्यत इतकी तोंडावर आली की आपल्याकडे काय होतं, हे तुम्हाला सांगायला नको. रोजचा सराव शर्यतीसारखा होऊ लागतो. तिकडच्या वेळापत्रकात मात्र या दिवसांतही बहुतेक तास संथ सरावाचे असतात. दमसासाचे खेळाडू घडवणाऱ्या प्रत्येकाने थांबून बघावी अशी ही गोष्ट आहे.

या खेळात हात आणि पाय दोन्ही सारखेच राबतात, तेही चढ-उतारांच्या मार्गावर. ऑक्सिजन वापरण्याच्या क्षमतेचे जगातले सर्वांत मोठे आकडे ज्या मोजक्या खेळांत नोंदले गेले, त्यांत हा खेळ वरच्या रांगेत आहे. अव्वल पुरुष स्कीपटू शरीराच्या दर किलोमागे मिनिटाला ८० मिलिलिटरच्या पुढे सहज जातात. शिवाय नॉर्वेत सरावाची रोजची नोंद ठेवण्याची शिस्त जुनी आहे. मारित ब्योर्गेन या खेळाडूच्या सतरा वर्षांच्या नोंदी संशोधकांनी तपासल्या आणि २०१७ साली शोधनिबंध म्हणून प्रसिद्ध केल्या. ऑलिंपिकची आठ सुवर्णपदकं आणि एकूण पंधरा पदकं मिळवणारी ही बाई विसाव्या वर्षी वर्षाला ५२२ तास सराव करत होती, पस्तिसाव्या वर्षी ९४०. पंधरा वर्षांत ऐंशी टक्के वाढ! त्यातही दमसासाच्या सरावाचा नव्वद टक्क्यांहून अधिक वेळ कमी तीव्रतेचा होता. २०१८ मध्ये प्योंगचँगच्या ऑलिंपिकमध्ये तिने ३० किलोमीटरची शर्यत पावणेदोन मिनिटांहून मोठ्या फरकाने जिंकली, तेव्हा ती सदतीस वर्षांची होती.

कमी तीव्रता म्हणजे किती कमी, हे नीट समजून घेतलं पाहिजे, कारण इथेच आपली फसगत होते. नॉर्वेच्या प्रशिक्षणपद्धतीत दमसासासाठी तीव्रतेच्या पाच पायऱ्या मानतात आणि सगळ्यात मोठा वेळ पहिल्या पायरीवर जातो. शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता यावं, इतकाच तो वेग. डोंगरात दोन-तीन तासांच्या धावण्याला निघालेला खेळाडू चढ लागला की चक्क चालू लागतो. काठ्या हातात असतात, पावलं लांब पडतात, पण तो धावत नाही. मनगटावरचा नाडीचा आकडा ठरल्यापेक्षा वर गेला तर वेग आणखी उतरवतो. विश्वविजेता चढावर चालतो आणि त्यात त्याला काही कमीपणा वाटत नाही. आपल्याकडचा सतरा वर्षांचा मुलगा मात्र टेकडीवर चालताना कुणी पाहिलं तर ओशाळतो. ते ओशाळणं त्याला आपण शिकवलेलं आहे.

कठीण दिवस असतो, आणि तो खरोखर कठीण असतो. ऑक्टोबरातला एक नेहमीचा सराव बघा. जंगलातला मऊ मातीचा उभा चढ, हातात काठ्या, मूस हरणासारख्या लांब झेपा टाकत वर जायचं. चार-पाच मिनिटांच्या पाच-सहा फेऱ्या, मधे उतरताना विश्रांती. फेरी संपली की प्रशिक्षक बोटाच्या टोकातून रक्ताचा थेंब घेतो, लॅक्टेटचा आकडा बघतो आणि तो आकडा जास्त आला तर पुढची फेरी सावकाश करायला लावतो. शेवटची फेरी पहिलीइतकीच किंवा तिच्याहून किंचित वेगवान जमली पाहिजे. तिसऱ्या फेरीत लोळण घेणाऱ्याचं तिथे कौतुक होत नाही. त्याने सराव चुकवला, असं धरलं जातं.

रस्त्यावरचा मोठा सराव रोलर-स्कीवर होतो. दोन टोकांना चाकं लावलेली हातभर लांबीची पट्टी, ब्रेक सहसा नाहीच, काठीच्या टोकाला डांबरात रुतणारा कार्बाइडचा दात. अंधारात अंगावर चमकणारं जॅकेट, डोक्याला हेल्मेट. हे साधन उत्तम आहे, पण त्यात एक खोड आहे. पारंपरिक पद्धतीच्या रोलर-स्कीचं एक चाक फक्त पुढेच फिरतं, मागे सरकतच नाही. त्यामुळे पायाचा रेटा कसाही, कधीही दिला तरी पकड मिळते. बर्फावर असं होत नाही. तिथे नेमक्या क्षणी सगळं वजन एका पायावर टाकून स्कीचा मधला भाग बर्फावर दाबावा लागतो, तरच स्कीच्या तळाला लावलेलं मेण पकडतं, नाहीतर पाय मागे घसरतो. पूर्ण उन्हाळा रोलर-स्कीवर काढलेल्या खेळाडूचा रेटा नकळत आळशी होतो आणि ते कळतं थेट नोव्हेंबरात. म्हणून जाणते प्रशिक्षक शरदातच बर्फ शोधतात. फिनलंडमध्ये वुओकात्तीला १९९७ पासून आणि स्वीडनमध्ये टोर्सबीला २००६ पासून बर्फाचे बोगदे आहेत. स्वित्झर्लंडमधलं डावोस मागच्या हिवाळ्यातला बर्फ लाकडाच्या भुश्याखाली झाकून ठेवतं आणि ऑक्टोबरच्या अखेरीस त्याचा काही किलोमीटरचा मार्ग अंथरतं. साधनामुळे कोणता दोष झाकला जातो, हा प्रश्न ट्रेडमिलवर आणि जाड तळव्याच्या नव्या बुटांवर सराव करून घेणाऱ्या आपल्या प्रशिक्षकांनीही विचारायला हवा.

उंचीवरच्या शिबिरांचं आकर्षण आता आपल्याकडेही आहे, म्हणून थोडक्यात. स्कीपटू इटलीतल्या लिविन्योला, सुमारे १,८०० मीटरवर, दोन-तीन आठवडे राहतात. तिथे गेल्यावर पहिले दिवस वेग आणखी कमी करतात, कारण विरळ हवेत कालचाच वेग आज जड पडतो. उंचीवर जाऊन जोर मारणारा खेळाडू थकवा घेऊन घरी परततो.

आणि हे सगळं फक्त लांब पल्ल्यासाठी आहे, असं कुणी समजू नये. २०२५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ट्रॉन्डहाइमच्या जागतिक स्पर्धेत नॉर्वेच्या योहानेस ह्योस्फ्लोट क्लेबोने पुरुषांच्या सहाच्या सहा शर्यती जिंकल्या. त्यांत तीन मिनिटांच्या आसपास संपणारी स्प्रिंट होती आणि ५० किलोमीटरचीही. त्याला लहानपणापासून घडवणारा प्रशिक्षक म्हणजे त्याचे आजोबा, कोरे ह्योस्फ्लोट. एवढी वर्षं एका माणसाची एका खेळाडूवर नजर राहिली, ही गोष्ट मला त्या सहा पदकांइतकीच मोलाची वाटते.

आता आपल्याकडे वळू. आपली मोठी धाव डिसेंबरात पुण्याला आणि जानेवारीत मुंबईला, म्हणजे आपलाही हा पायाभरणीचा काळ. त्यात ऑक्टोबर हीट. पहाटे साडेपाचला जो वेग हलका असतो तोच आठ वाजता मध्यम होतो, आणि घड्याळात वेळ धरून पळवणाऱ्या प्रशिक्षकाला ते दिसत नाही. माझं स्पष्ट मत आहे की आपल्या जिल्ह्याजिल्ह्यांतली गुणी मुलं विशीच्या आत संपतात, त्याचं मोठं कारण हा रोजचा मध्यम सराव आहे. हलका म्हणावा तर जड, कठीण म्हणावा तर अपुरा. मुलांकडे कष्टाची तयारी भरपूर आहे. त्या कष्टाचा हिशेब ठेवणारी वही मात्र क्वचितच दिसते.

म्हणून एक विनंती. येत्या सोमवारपासून आपल्या गटातल्या दोन खेळाडूंची रोजची नोंद ठेवा: किती वेळ, कोणत्या तीव्रतेने, उठल्यावर नाडी किती, झोप किती. हलक्या दिवशी त्यांना बोलत पळायला लावा आणि बोलता येईनासं झालं की थांबवा. आठ आठवड्यांच्या या नोंदी, खेळाडूंची नावं वगळून, आमच्याकडे पाठवा. त्या एकत्र मांडून फेब्रुवारीच्या अंकात छापू.