'गावात' म्हणजे नक्की कुठे?



पुण्यात "जरा गावात जाऊन येतो" म्हटले, की पुढे विचारायचे कारण नसे. लक्ष्मी रोड नाहीतर मंडई! दोह्यात मात्र आम्ही असे म्हटले, की सौ. विचारतात, "कुठल्या गावात?" बरोबरच आहे. सूक वाकिफ-मशैरिब हे जुने गाव, वेस्ट बे कचेऱ्यांचे, एज्युकेशन सिटी पोरांच्या कॉलेजांचे आणि उत्तरेला नवे कोरे लुसैल.

ही गावे गाडीशिवाय गाठता येऊ लागली ती मेट्रोमुळे. ८ मे २०१९ ला रेड लाइन धावली, त्याच वर्षी गोल्ड आणि ग्रीनही. तिन्ही मशैरिबला भेटतात. पण स्टेशनातून बाहेर पडल्यावर पुढे काय? ते काम ट्रामचे. लुसैलची ट्राम २०२२ च्या १ जानेवारीला सुरू झाली, २०२४ मध्ये तिची गुलाबी लाइन आली. लेग्तैफियाला मेट्रो सोडून ती पकडता येते. मशैरिब आणि एज्युकेशन सिटीच्या ट्रामा निराळ्या.

आता गंमत बघा. तिन्ही ट्रामा नव्याने आखलेल्या भागांत! तिथे नकाशा काढतानाच रुळांना जागा ठेवता आली. आपली बरीच मंडळी राहतात ती नजमा, मन्सुरासारख्या जुन्या वस्त्यांत. आई जुलैत आमच्या नजमातल्या घरी आली होती. मेट्रोत बसून खूश झाली, पण घरी आल्यावर म्हणाली, "गाडी छान आहे रे, पण तिच्यापर्यंत जायला तुझीच गाडी लागते!" मेट्रोलिंकच्या बसेस आहेत, पण बसपर्यंत चालायचे ते उन्हातूनच.

ज्यांच्याकडे लायसन्स नाही अशा गृहिणी, कॉलेजची मुले, पाहुणे आलेले आईवडील, यांना घराजवळून ट्राम मिळाली तर खऱ्या अर्थाने शहर मिळेल. तांत्रिक अडचण म्हणाल, तर एज्युकेशन सिटीच्या ट्रामला वर ताराही नाहीत, वीज गाडीतच साठवतात. अडचण आहे ती रस्त्याच्या रुंदीची. अरुंद गल्लीत रूळ टाकायचे, तर दोन्ही बाजूंच्या मोटारी हलवाव्या लागतील. शिवाय ट्राम आली, की घरमालक भाडे वाढवायला टपलेलेच!

म्हणजे प्रश्न सरकारइतकाच आपल्यालाही आहे. दारातले पार्किंग सोडायची आपली तयारी आहे का? सौ. लगेच 'हो' म्हणाल्या. आमची तयारी, खरे सांगायचे तर, अजून अर्धीच आहे.