दुपारी १ ते ४ बंद

पुण्यातल्या दुकानदारांवर जितके विनोद झालेत, तितके नवरा-बायकोवरही झाले नसतील. त्यातला सगळ्यात घासून गुळगुळीत झालेला विनोद म्हणजे 'दुपारी १ ते ४ बंद'ची पाटी. आज मी त्या पाटीच्या बाजूने बोलणार आहे. ज्यांना हसायचंय त्यांनी आत्ताच हसून घ्या.

२०१७ च्या जुलैपासून चितळे बंधूंनी दुपारीही दुकान उघडं ठेवायला सुरुवात केली, तेव्हा त्याची चक्क बातमी झाली होती. लोक म्हणाले, चला, पुणं सुधारलं एकदाचं! चितळ्यांचं ठीक आहे हो. ज्याच्याकडे पाळ्या लावायला माणसं आहेत त्याने खुशाल दिवसभर दुकान उघडं ठेवावं. पण माझ्या 'दुकाना'त मालक, कामगार, कॅशियर, शिपाई आणि तक्रार निवारण केंद्र हे सगळं मिळून एकच बाई आहे. ती जेवायला बसली की दुकान बंद. ह्यात विनोद कुठे आहे?

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे, मी गेली एकवीस वर्षं घरातून डीटीपीचं काम करते. पुस्तकं, स्मरणिका, लग्नपत्रिका, आणि जुलै ते ऑक्टोबर दिवाळी अंक. पेजमेकर आणि श्रीलिपीपासून इनडिझाइन आणि युनिकोडपर्यंत सगळं ह्याच टेबलावर बदललं. दर वेळी काम झटपट व्हायला लागलं. आणि दर वेळी काम वाढलं! कारण वाचलेला वेळ माझ्याकडे राहिलाच नाही, तो परस्पर गिऱ्हाइकाकडे गेला.

उदाहरण देते. पूर्वी प्रूफ कागदावर जायचं. लेखक पेनाने खुणा करून सगळ्या दुरुस्त्या एकदम परत आणायचा, कारण त्यालाही पुन्हा पुन्हा रिक्षाने खेप घालणं जिवावर यायचं. आता प्रूफ पीडीएफने जातं आणि दुरुस्त्या व्हॉट्सअ‍ॅपवर येतात. एक सकाळी, तीन दुपारी, आणि रात्री अकराला बोललेला निरोप, "ताई, पान ४२ वरचा तो 'की' दीर्घ करा, आणि ते मघाशी सांगितलं होतं ना, ते राहू द्या." मघाशी म्हणजे कधी? 'ते' म्हणजे कुठलं? हे शोधण्यात जो वेळ जातो तो कुठल्याच बिलात लागत नाही.

आता ह्यावर उपाय काय सांगतात? अमुक ॲप घ्या. रंगीत याद्या करा. पहाटे पाचला उठा. म्हणजे दुसऱ्यांनी माझ्या ताटात वाढून ठेवलेलं मी अधिक भराभर कसं गिळावं, ह्याचा सल्ला! आधी वाढप थांबवा असं कोणीच म्हणत नाही.

मी वाढप थांबवलं. कुठलंही ॲप न घेता, चार नियमांत.

एक, दुरुस्त्या छापील प्रूफवर किंवा एकाच ईमेलमध्ये, सगळ्या एकत्र. दोन प्रूफं दरात धरलेली, तिसऱ्यापासून पानामागे वेगळे पैसे. दोन, अर्धे पैसे आधी आणि उरलेले छपाईची फाईल देण्याआधी. तीन, कामाची वेळ सकाळी १० ते १ आणि दुपारी ४ ते ७, रविवारी सुट्टी. चार, जीएसटीचं विवरणपत्र तीन महिन्यांतून एकदा. ही सोय १ जानेवारी २०२१ पासून सरकारनेच दिली, ५ कोटींपर्यंत उलाढाल असलेल्यांना. मधल्या दोन महिन्यांत नुसतं चलन भरायचं. माझी उलाढाल किती ते विचारू नका, पण ५ कोटींच्या आत आहे एवढं नक्की :)

बस्स. एवढंच. नियम एका कागदावर छापले आणि प्रत्येक कामाच्या कोटेशनला जोडले.

ह्यावर पहिला आक्षेप ठरलेला: "गिऱ्हाईक जाईल!" जातं की. दरवर्षी आदल्या रात्री स्मरणिकेचा मजकूर पाठवणारी एक संस्था गेली. वर्षाचे अठरा हजार रुपये गेले. चुटपुट लागली, खोटं कशाला बोलू? पण तिसऱ्या प्रूफाचे पैसे मी दोन वर्षांत फक्त चारदा घेतलेत. म्हणजे लोकांना दोन प्रूफांत नीट वाचता येतं. फुकट असेपर्यंत वाचावंसं वाटत नाही, इतकंच.

दुसरा आक्षेप जरा जड आहे: "धंद्यात माणुसकी लागते." ही माणुसकी नेहमी एकाच दिशेने का वाहते, हे मला कोणी समजावून सांगेल का? रात्री अकराचा फोन उचलणं माझी माणुसकी, आणि तीन महिने बिल न देणं त्यांची अडचण! २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे नोंदणी केलेल्या लहान उद्योगाचे पैसे फार तर ४५ दिवसांत द्यावे लागतात. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. नाही दिले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. उद्यमची नोंदणीही फुकट होते. कायदा चांगलाच आहे. पण सहा हजारांच्या बिलासाठी कोण भांडायला जाणार? म्हणून माझ्यासारखीसाठी खरा कायदा म्हणजे 'अर्धे पैसे आधी'. आणि नियम छापलेला असला की तो ओळखीच्याला आणि अनोळखी माणसाला सारखाच लागतो. जो जास्त ओरडेल त्याचं काम आधी, ह्यापेक्षा हे कितीतरी जास्त माणुसकीचं आहे.

बाकी आपल्याकडे तास मोजून माणसाची लायकी ठरवायची फॅशनच आहे. २०२३ मध्ये नारायण मूर्ती म्हणाले तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं, २०२५ च्या जानेवारीत लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांनी बोली ९० वर नेली. १९४८ च्या कारखाना कायद्याने कामगाराचा आठवडा ४८ तासांचा ठरवला होता. स्वतःच्या धंद्यात राबणाऱ्याचे तास मात्र कोणताच कायदा मोजत नाही. मला ना आजारपणाची रजा, ना पेन्शन, ना बदली माणूस. माझे डोळे आणि माझं उजवं मनगट हीच माझी मशिनरी. मशीन रात्रंदिवस चालवून बिघडवणाऱ्या मालकाला आपण कष्टाळू म्हणतो का? मग स्वतःला तसं वापरणाऱ्याचं कौतुक कशासाठी?

आता थोडं नातेवाईकांसाठी. (मावशी, तू वाचते आहेस हे मला माहीत आहे.) "तू काय, घरीच असतेस" हे वाक्य मी एकवीस वर्षं ऐकते आहे. घरी असते, रिकामी नसते. सकाळी अकराला सहज डोकावणं, "बँकेत तेवढं जाऊन ये ना" म्हणणं, हे दादाच्या ऑफिसात जाऊन कोणी करत नाही. त्याच्या ऑफिसला दार आहे आणि माझ्या ऑफिसला स्वयंपाकघर लागून आहे, म्हणून माझं काम कमी खरं होत नाही. चार नंतर नाही, सात नंतर या. चहा करते, हवा तितका वेळ बसा. तेव्हा माझं अर्धं लक्ष फोनकडे नसेल, हे त्या नियमांमुळेच.

सोपं काम म्हणजे आळशी काम नव्हे. काय करणार आणि काय करणार नाही हे आधी, स्पष्ट आणि सगळ्यांना सांगून टाकणं म्हणजे सोपं काम. पाटीवाल्या दुकानदाराने तेच केलं होतं. त्याने कोणाला फसवलं नाही, ताटकळत ठेवलं नाही, "बघतो, करतो" म्हणून झुलवलं नाही. वेळ लिहिली आणि पाळली.

तुमच्यापैकी जे कोणी एकट्याने काही चालवतात, शिकवण्या, शिवण, हिशेब लिहिणं, डबे, त्यांनी आपापली पाटी लावा. छापून हवी असेल तर मी करून देते. अर्धे पैसे आधी.