केसतूड, मलम आणि जंतूंचे शत्रू

उन्हाळा लागला की शेलूबाजारसारख्या बाजाराच्या गावात केसतूड, गळू, पुटकुळ्या घेऊन येणाऱ्यांची संख्या वाढते. बहुतेकांनी आधी मेडिकलमधून मलम आणि चार कॅप्सूल घेतलेल्या असतात. दोन दिवसांत ठणका कमी झाला की उरलेल्या कॅप्सूल फडताळात जातात आणि पुढे घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी दिल्या जातात. ही सवय महागात पडणारी आहे.

आपल्या कातडीवर असंख्य जिवाणू राहतात. त्यांतील बरेचसे निरुपद्रवी, काही तर राखणदार. केसतूड बहुधा होते ते 'स्टॅफिलोकॉकस ऑरियस' या जिवाणूमुळे. पण या जिवाणूंनाही शत्रू आहेत. जिवाणूंना खाणारे विषाणू, म्हणजे 'बॅक्टेरिओफाज', आपल्या कातडीवरच असतात. हा विषाणू ठरावीक जातीच्याच जिवाणूला चिकटतो, आत शिरकाव करतो, आपली पिलावळ वाढवतो आणि जिवाणूला फोडून बाहेर पडतो. माणसाच्या पेशींना तो धरत नाही.

या शोधाचा धागा आपल्या देशाशी जुळलेला आहे. १८९६ साली आग्र्याला हँकिन या शास्त्रज्ञाने दाखवले की गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू मरतात आणि पाणी उकळले की हा गुण जातो. पुढे १९१७ मध्ये देरेल यांनी या विषाणूंना नाव दिले. १९२१ मध्ये बेल्जियममधील दोन डॉक्टरांनी केसतुडांवरच त्यांचा उपचार करून पाहिला. नंतर पेनिसिलिन आले आणि जॉर्जियासारखे काही देश सोडले तर हा मार्ग मागे पडला. (म्हणून कोणी नदीचे पाणी न उकळता पिऊ नये, हेही सांगून ठेवतो!)

हे विषाणू सरसकट मित्र आहेत असेही नाही. काही जिवाणूच्या आत दडून बसतात आणि त्याला विष तयार करण्याची शक्ती देतात. म्हणून हा उपचार पारखूनच करावा लागतो. आपल्याकडे तो अद्याप रूढ झालेला नाही. औषधांना न जुमानणारे जंतू वाढत असताना सरकारने या संशोधनाला बळ द्यावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

तोवर हातातली औषधे बोथट होऊ न देणे आपल्याच हाती आहे. फोड पिळू नका. नाकाजवळचा व वरच्या ओठावरचा तर मुळीच नाही. गरम पाण्याच्या फडक्याने शेका. टॉवेल वेगळा ठेवा. ताप आला, लाली पसरू लागली तर थेट डॉक्टरांकडे जा. वारंवार केसतूड होत असेल तर पू आणि रक्तातील साखर तपासून घ्या. डॉक्टरांनी दिलेला डोस पुरा करा, आणि शेजाऱ्याची कॅप्सूल शेजाऱ्याकडेच राहू द्या.