प्रिंटरला कागद कोणता ते सांगा

घरच्या प्रिंटरवर जाड कागद नीट छापला गेला नाही की सगळा दोष प्रिंटरच्या माथी जातो. शाई पसरली, अक्षरं नखाने निघाली, कार्ड अर्ध्यात अडकलं, म्हणजे मशीन बिघडलं. आमच्या आकुर्डीच्या इमारतीत असं झालं की निरोप माझ्याकडे येतो: "काकू, जरा बघता का?" बघायला गेलं की बहुतेक वेळा मशीन ठणठणीत असतं. ट्रेमध्ये कार्डशीट असते आणि संगणकावर 'पेपर टाइप'समोर 'प्लेन पेपर' लिहिलेलं असतं.

मी इथल्याच एका सुट्या भागांच्या कारखान्यात गुणवत्ता विभागात नोकरी केली. टॅग आणि कोणता माल कधी हवा ते सांगणारी कानबान कार्डं छापायचं काम माझ्याकडे होतं. ओके मालाला हिरवा टॅग, रिवर्कला पिवळा, रिजेक्टला लाल. कानबानची पद्धत टोयोटाच्या ताइइची ओनो यांनी घडवली, आणि पिंपरी ते चाकण या पट्ट्यात मोठ्या कंपन्यांना माल पुरवणाऱ्या छोट्या वर्कशॉपपर्यंत ती पोचली. हे कार्ड मालाच्या डब्याबरोबर फिरतं, तेलकट हातांत जातं. त्यावरचा पार्ट नंबर पुसट झाला तर चुकीचा माल लाइनवर जाऊ शकतो. म्हणून आमच्या प्रिंटरशेजारी कोणता कागद, किती जीएसएम (म्हणजे किती वजनाचा), कोणता ट्रे, कोणतं सेटिंग हे लिहून चिकटवलेलं असायचं. पत्र्याची जाडी बदलली की प्रेसचं सेटिंग बदलायचं, हे इथल्या ऑपरेटरला सांगावं लागत नाही. तोच माणूस घरी येऊन 75 जीएसएमच्या सेटिंगवर 250 चं कार्ड घालतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण कागद, शाई आणि मुलांची मेहनत तिन्ही वाया जातात.

सेटिंग बदलल्याने आत काय होतं ते कळलं की ते बदलायचा कंटाळा येत नाही. लेझर प्रिंटरमध्ये टोनरची भुकटी कागदावर बसते आणि फ्यूजरच्या तापलेल्या रोलरखाली दाबली जाऊन वितळून चिकटते. जाड कार्ड तापायला जास्त उष्णता लागते. 'हेवी' किंवा 'कार्डस्टॉक' निवडलं की मशीन वेग कमी करतं, काही मॉडेलं फ्यूजरचं तापमानही वाढवतात. 'प्लेन'वर तेच कार्ड भरकन निघून जातं, वरवर छान दिसतं, पण घडी घातली की घडीवरचा टोनर पापुद्र्यासारखा सुटतो. पहिली पत्रिका छापून झाल्यावर कोपऱ्यावर नख फिरवून बघा. अक्षर निघालं तर उरलेल्या पत्रिका तशाच छापू नका.

इंकजेटचं गणित वेगळं. तिथे कागद तापवला जात नाही, शाईचे थेंब पडतात. कागदाचा प्रकार बदलला की शाईचं प्रमाण बदलतं, आणि चकचकीत फोटो पेपरसाठीचं सेटिंग साध्या कार्डावर वापरलं तर नको तितकी शाई पडून अक्षरांच्या कडा फुटतात. बिनचकाकीच्या कार्डशीटला यादीतला 'मॅट' सगळ्यात जवळचा. जाडीचा प्रश्न मात्र त्याने सुटतोच असं नाही. शाईचं हेड कार्डाला घासून काळे पट्टे येत असतील, तर एप्सनच्या बऱ्याच मॉडेलांत 'थिक पेपर' आणि कॅननमध्ये 'प्रिव्हेंट पेपर अब्रेजन' अशी वेगळी खूण करायची सोय असते. तिने हेड आणि कागद यांतलं अंतर वाढतं. ही खूण आतल्या पानात दडवलेली असते, ती पहिल्याच पानावर असायला हवी होती असं माझं ठाम मत आहे. आणखी एक. कार्डावर नुसती काळी अक्षरं असतील तर मी 'प्लेन'च ठेवते आणि जाड कागदाची खूण तेवढी करते, कारण काही मशिनांत फोटो कागद निवडला की गडद पिगमेंट काळी शाई बाजूला ठेवून रंग मिसळून काळा केला जातो.

आता मूळ अडचण. हे सगळं करायचं तर हातातलं कार्ड किती जीएसएमचं आहे हे माहीत हवं, आणि आपल्याकडे तेच माहीत नसतं. दुकानात 'कार्डशीट द्या' म्हटलं की गठ्ठ्यातून दहा कागद मोजून मिळतात. त्यावर काही लिहिलेलं नसतं. विचारलं तर 'चांगलं जाड आहे, ताई' हे उत्तर. 160 चं असेल, 220 चं असेल, 300 चंही असेल. एचपीच्या लेझर प्रिंटरांच्या यादीत 111 ते 130 ला हेवी, 131 ते 175 ला एक्स्ट्रा हेवी आणि 176 ते 220 ला कार्डस्टॉक म्हणतात. म्हणजे दुकानातलं 160 चं कार्ड मशीनच्या लेखी कार्ड नाहीच. आणि घरगुती लहान लेझर प्रिंटरांपैकी पुष्कळांची कमाल मर्यादा 163 जीएसएमच्या आसपास असते, त्यात 300 चं आर्ट कार्ड कोंबणं म्हणजे फ्यूजरशी खेळ.

जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. ए4 चे सोळा कागद मिळून जवळजवळ एक चौरस मीटर होतो, त्यामुळे स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर घरीच मोजता येतं. दहा कागदांचं ग्रॅममधलं वजन घ्या, त्याला 1.6 ने गुणा. 50 ग्रॅम भरलं तर 80 जीएसएम, 100 भरलं तर 160, 125 भरलं तर 200. आमच्या बचत गटाच्या मसाल्याच्या पाकिटांना टॅग करायचे असतात, तेव्हा नवा गठ्ठा आला की आधी काट्यावर जातो आणि आकडा पेनाने वेष्टनावर लिहिला जातो. वजन कळलं म्हणजे जाडी कळली असं मात्र नाही. त्याच जीएसएमचं आयव्हरी हाताला आर्ट कार्डपेक्षा जाड लागतं, कारण आर्ट कार्ड लेप देऊन दाबलेलं असतं. असा लेप असलेलं आर्ट कार्ड इंकजेटवर घेऊच नये, शाई वाळत नाही. उलट इंकजेटचा चकचकीत फोटो पेपर लेझरमध्ये घातला तर लेप वितळून फ्यूजरला चिकटू शकतो, आणि मग दुरुस्तीचा खर्च वेगळा.

बाकीच्या गोष्टी छोट्या आहेत. जाड कार्डाला दोन्ही बाजू आपोआप छापायचा पर्याय बंद करून पान हाताने उलटावं. मागचा ट्रे असेल तर तोच वापरावा, कारण पुढच्या ट्रेतला कागद आत वळसा घेतो आणि कार्डाला तो वळसा मानवत नाही. पावसाळ्यात उघडा गठ्ठा ओल धरून वाकतो, पिशवीत बंद ठेवावा. आणि काम झालं की सेटिंग परत 'प्लेन'वर आणावं, नाहीतर साधा कागद रेंगाळत छापला जातो आणि लेझरमध्ये जास्तीच्या उष्णतेने वळतो.

माझी मागणी दुकानदारांकडे आहे. आकुर्डी, निगडी, चिंचवडच्या स्टेशनरीवाल्यांनी कार्डशीटच्या प्रत्येक गठ्ठ्यावर दोनच गोष्टी लिहाव्यात: किती जीएसएम, आणि इंकजेटला चालेल की लेझरला. पुण्यात कागदाच्या मोठ्या व्यापाऱ्यांकडे जीएसएम सांगितल्याशिवाय व्यवहार पुढे सरकत नाही. किरकोळ गिऱ्हाइकाने ती माहिती का गमवावी? स्केचपेनने आकडा टाकायला खर्च येत नाही.

दुसरी मागणी शाळांकडे. पालकांच्या ग्रुपवर रात्री सूचना येते, 'उद्या फ्लॅशकार्ड जाड कागदावर छापून आणावीत.' जाड म्हणजे किती? 160 लिहिलं तर बहुतेक घरांतल्या मशिनांना झेपेल. 250 हवं असेल तर तसं स्पष्ट लिहून चार दिवस आधी सांगावं, म्हणजे पालक डिजिटल प्रेसच्या दुकानात जातील. तिथली मशिनं 300 चं कार्डही सहज घेतात. पंचवीस-तीस पत्रिकांसाठी, रंग भरगच्च असतील तर, मी स्वतः घरी छापत बसत नाही, तिकडेच देते. पण दहा टॅग, वाढदिवसाची चार कार्डं, पोराच्या प्रकल्पाचं मुखपृष्ठ यांसाठी घरचा प्रिंटर पुरेसा आहे. पुढच्या जूनमध्ये शाळा साहित्याची यादी काढतील, तेव्हा वहीच्या पानांची संख्या जशी लिहितात तसा कार्डशीटपुढे जीएसएमचा आकडाही लिहावा.