अलंकार ओळखण्याचे व्यवहारज्ञान

परभणीहून परळीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर ‘पोखर्णी नृसिंह’ हे स्थानक लागते. पोखर्णीच्या नृसिंहाच्या दर्शनाला येणाऱ्यांत हिरण्यकशिपूची कथा ज्यास ठाऊक नाही असा मनुष्य विरळाच. मरण माणसाकडून नको, पशूकडून नको. दिवसा नको, रात्री नको. घरात नको, बाहेर नको, असा वर त्याने मिळविला. वर मोडला नाही, तरी मरण आले. कारण येणारा अर्धा नर व अर्धा सिंह होता, वेळ तिन्हीसांजेची होती आणि जागा उंबरठ्याची. वरकरणी विरोध दिसावा आणि विचारांती तो मावळावा, यालाच अलंकारशास्त्र विरोधाभास म्हणते. ही कथा आजीच्या तोंडून ऐकलेला विद्यार्थी परीक्षेत विरोधाभासाची व्याख्या लिहितो, ती मात्र गाईडमधून पाठ केलेली. व्याख्या आणि कथा यांची गाठ त्याला कोणी घालून दिलेली नसते.

आपल्या अलंकारशिक्षणाचे खरे दुखणे हे आहे. उपमेय, उपमान, साधारण धर्म, साधर्म्यवाचक शब्द ही चौकडी मुलांना घोकून येते. एक व्याख्या, एक ठराविक उदाहरण आणि पदरात पडणारे गुण, एवढ्यावर विषय संपतो. जन्मभर वापरायची वस्तू उत्तरपत्रिकेबरोबरच गठ्ठ्यात बांधली जाते.

मुळात अलंकार हा भाषेचा केवळ दागिना नव्हे. भरताच्या नाट्यशास्त्रात उपमा, रूपक, दीपक आणि यमक असे चारच अलंकार सांगितले आहेत. पुढच्या पंडितांनी त्यांची संख्या शंभरावर नेली. मराठीने मात्र प्रारंभापासून अलंकाराला कामाला लावले. चक्रधरस्वामींचे दृष्टांत केशिराजबासांनी ‘दृष्टांतपाठा’त एकत्र केले, त्यांची रचना तीन अंगांची आहे : सूत्र, दृष्टांत आणि दार्ष्टांतिक. आधी सिद्धांत, मग व्यवहारातील गोष्ट आणि शेवटी ती गोष्ट सिद्धांतास कोठे लागू पडते याचा खुलासा. अलंकार हे तेथे समजावून देण्याचे साधन आहे. पोखर्णीच्या पुढे याच लोहमार्गावर असलेल्या गंगाखेडची जनाबाई विठ्ठलाला आपल्या दळणकांडणात भागीदार करून घेते, तेव्हा तिला कोणत्याही व्याख्येची गरज पडत नाही. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांच्या पुढाकाराने जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. त्या रचणाऱ्या बहुतेक स्त्रियांनी शाळेचे तोंडही पाहिलेले नव्हते.

अर्थशास्त्र शिकविणाऱ्याने या विषयात का पडावे, असे कोणी विचारील. उत्तर सोपे आहे : अर्थव्यवहाराची भाषा नखशिखान्त अलंकारांनी भरलेली आहे. आमच्या मराठवाड्यात कापसाला ‘पांढरे सोने’ म्हणतात. कापूस हेच सोने, असे मानणारे हे रूपक. रूपक पाहिले की साधर्म्य कोठवर जाते आणि कोठे संपते, हे विचारावे. सोने तिजोरीत वर्षानुवर्षे टिकते. घरात भरून ठेवलेला कापूस वजनात घटतो, त्याला आगीचे भय असते. सोने पावसावर अवलंबून नसते, बोंडअळी त्याला लागत नाही. सोन्याचा धनी भावाची वाट पाहू शकतो. देणेकरी दारात उभे असलेला कापूसवाला पाहू शकत नाही. रूपक जेथे संपते, नेमकी तेथूनच शेतकऱ्याची अडचण सुरू होते.

‘बाजार घाबरला’, ‘बाजाराने नाराजी व्यक्त केली’ ही वाक्ये रोज छापून येतात. ही चेतनगुणोक्ती. बाजार रुसत नाही की घाबरत नाही. कोणीतरी विकतो आणि कोणीतरी घेतो. अलंकार ओळखला की त्यामागे दडलेला कर्ता शोधावासा वाटतो.

‘कर्जमाफी’ हा शब्दही तपासून पाहण्यासारखा आहे. माफी अपराधाला असते. कर्ज फेडता न येणे हा अपराध आहे काय, हा प्रश्न शेतकरी संघटनेने उपस्थित केला आणि शरद जोशींनी ‘कर्जमुक्ती’ या शब्दाचा आग्रह धरला. 2008 ची केंद्र सरकारची योजना ‘कर्जमाफी’ म्हणून ओळखली गेली. 2019 मध्ये महाराष्ट्र शासनाने जाहीर केलेल्या योजनेच्या नावात मात्र ‘शेतकरी कर्जमुक्ती’ हे शब्द आले. शब्द बदलल्याने सातबाऱ्यावरचा बोजा आपोआप उतरत नाही, हे खरे. तथापि कर्जदार याचक आहे की हक्कदार, याचा निवाडा त्या एका शब्दात होऊन जातो.

म्हणून व्याख्या टाकून द्याव्यात असे मुळीच नाही. ज्याला नाव नाही ते डोळ्यांसमोरून निसटते. पारिभाषिक संज्ञा हवीच. फक्त क्रम उलटा करावा. शिक्षकाने एक दिवस वर्गात पाठ्यपुस्तकाऐवजी त्या दिवसाचे वर्तमानपत्र न्यावे. एक जाहिरात, एक पुढाऱ्याचे भाषण आणि बाजारभावाची एक बातमी वाचावी. अतिशयोक्ती, व्याजस्तुती, रूपक मुलांकडूनच शोधून घ्यावे आणि मग त्यांची नावे सांगावीत. दुसऱ्या दिवशी मुलांनी घरच्या वडीलधाऱ्या बाईकडून एक ओवी लिहून आणावी. यासाठी नवा अभ्यासक्रम लागत नाही, की शासनाचा आदेशही लागत नाही.

कारकुनापुढे येणारे परिपत्रक असो, मतदारापुढे येणारे आश्वासन असो वा शेतकऱ्यापुढे येणारी योजना असो, ती शब्दांत गुंडाळूनच येते. हिरण्यकशिपूने आपल्या वराचे शब्द नीट पारखले नाहीत. त्याचे फळ त्याला उंबरठ्यावर मिळाले. आपण मात्र आपल्या मुलांना शब्द पारखल्यावाचून शाळेचा उंबरठा ओलांडू देऊ नये.